भिंतीकडे तोंड

या वयात मांडीचा स्नायू दुखावला असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, न्हाणीघरात पडलात का. मी म्हणते, नाही, योगाच्या क्लासमध्ये दुखावला. कसला योग, तर खोली तापवून करतात तो. यावर बहुतेक जण माझ्या यजमानांकडे बघतात आणि आमचे हे लगेच दोन्ही हात वर करतात. "माझ्याकडे बघू नका. मी तिला तरुणपणी आवरलेलं नाही, आता काय आवरणार."

ती खोली मला सापडली तेव्हा मी साठी ओलांडलेली होते आणि कायम गारठलेली होते. त्याआधीची माझी सगळी उमेदीची वर्षं उकाड्यात गेली. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लाँड्री होती, तिथे मी इस्त्रीच्या टेबलावर काम करायची. चादरी दाबणारा लांबलचक रोलर, भिंतीतून येणारी वाफ, ओल्या सुताचा वास. वर रस्त्यावर हाडं गोठवणारी थंडी असली तरी आम्ही खाली बारा महिने घामाघूम. बायका गायच्या, भांडायच्या, कोणाची सासू आजारी पडली तर सगळ्याच तिच्या सासूला बरं वाटावं म्हणून सल्ले द्यायच्या आणि कोणालाच बरं वाटायचं नाही. पुढे हॉटेलने कपडे बाहेर धुवायला द्यायला सुरुवात केली, लाँड्री बंद झाली आणि मी घरी आले. घरी आल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं, की जगात गारवा फार आहे. मी घरात मोजे घालून, शाल पांघरून बसायची आणि तरी माझी बोटं मला परकी वाटायची.

मला त्या क्लासला नेलं वन्संनी. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. "वहिनी, तुम्हाला काही झेपणार नाही, पण बघायला चला," असं त्या म्हणाल्या. वन्संना माझी नस बरोबर माहीत आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या शाळेत जायच्या. त्या दिवसापासून आमच्यात शर्यत चालू आहे आणि ती नेमकी कशाची, हे आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही.

खोलीचं दार उघडलं आणि आतून ती धग अंगावर आली. कोणी जुनी मैत्रीण गळ्यात पडावी तसं मला झालं. वन्सं पहिल्या दिवशी अर्ध्या तासात बाहेर जाऊन बसल्या. मी शेवटपर्यंत राहिले.

क्लासची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. खोलीच्या एका भिंतीला सबंध आरसा आहे, समोरची भिंत कोरी, पांढरी. शिकवणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. दाराला बरोबर वेळेवर कडी लावते, मग बाहेर कोणी कितीही टकटक करो. म्हणून आम्ही तिला घड्याळबाई म्हणतो, अर्थात तिच्या माघारी. घड्याळबाई स्वतः एकही आसन करून दाखवत नाही. ती फक्त बोलते. त्यामुळे जिला सगळा क्रम पाठ आहे तिने पुढच्या रांगेत, आरशाजवळ उभं राहायचं आणि मागच्यांनी तिच्याकडे बघून करायचं. पुढच्या रांगेची जागा कोणी मागत नाही, घड्याळबाईच एके दिवशी बोटाने दाखवते. मला दाखवली तेव्हा वन्सं आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. मग त्यांनाही मिळाली, माझ्या शेजारीच.

आणि तिथेच माझं बिनसलं. पाय पसरून बसायचं, पुढे वाकायचं, पायाचे अंगठे धरायचे आणि कपाळ गुडघ्याला लावायचं, असं एक आसन आहे. त्या दिवशी डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं की वन्संचं कपाळ टेकलं. त्यांचा चेहरा गुडघ्यात होता, तरी तो हसतोय हे मला पाठीवरून कळलं. मी पण गेले. गेले म्हणजे सहज गेले, लोण्यात सुरी जावी तशी. डाव्या मांडीच्या मागे काहीतरी टचकन झालं, पण दुखलं असं नाही. उरलेला क्लास मी पूर्ण केला, कपडे बदलले, वन्संशी हसले-बोलले. बाहेर थंडीत आलो आणि वळणावरच्या औषधाच्या दुकानापाशी माझा पायच माझ्या खालून निघून गेला. वन्संनी मला काखेत धरून घरी आणलं. दारात ह्यांना म्हणाल्या, "दादा, वहिनींना घ्या. माझं कपाळ आधी लागलं होतं, पण आता तो विषय नको."

नंतरचे दोन-अडीच महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. बर्फ, विश्रांती, मग फिजिओ. फिजिओ तरुण होता, हात बर्फासारखे गार, पण समजावून सांगायचा. पाठीवर झोपून कंबर उचला, खुर्चीला धरून टाच मागे न्या, पायरीवर एक पाय ठेवून हळू चढा. मी सगळं केलं. ह्यांनी आयुष्यभर बस चालवली, त्यामुळे माझ्या व्यायामाच्या वेळी शेजारी बसून "पहिला गिअर, पहिलाच ठेव" असं सांगत राहायचे. घर उबदार ठेवायचेही, बिचारे, पण हीटरची ऊब वेगळी आणि अंगातून निघालेली वेगळी. माझी बोटं पुन्हा परकी झाली. पाठ आखडली, झोप उडाली. सून म्हणाली, "आई, बागेत फिरायला जात जा ना, तेही चांगलं असतं." चांगलं असतं, मी नाही कुठे म्हटलं. पण बागेत फिरणारी बाई म्हातारी असते. त्या खोलीत मी म्हातारी नव्हते, मी पुढच्या रांगेतली होते.

मी फिजिओला स्पष्ट विचारलं, "मी तिथे परत जाऊ शकते का? हो किंवा नाही."

"जाऊ शकता," तो म्हणाला. "पण आजी, एकदा भरून आलेला स्नायू पुन्हा त्याच जागी फाटला, तर मग मी तुम्हाला हो म्हणणार नाही. या वयात तर नाहीच."

"म्हणजे एकच संधी."

"तसं समजा. आणि अडचण अशी की गरम खोलीत दुखणं उशिरा कळतं. तिथे तुम्ही जितक्या वाकता तितक्या तुम्ही खऱ्या वाकत नाही. त्यातलं बरंचसं त्या खोलीचं असतं."

मी घरी येऊन यावर विचार करत बसले. दुखून कळणार नसेल तर थांबायचं कुठे हे कळायचं कशाने? मग मला आमचं टेबल आठवलं. रोलरमधून निघालेला टेबलक्लॉथ गरम आणि दमट असतो. दोघी जणींनी दोन टोकं धरून ओढला की येतो हवा तेवढा. नवीन आलेली मुलगी त्याच वेळी माप घ्यायची, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालायची आणि खूश व्हायची. तासाभराने कापड गार झालं की घडी वाकडी. आमची मोठी बाई ओरडायची नाही, फक्त ती घडी उलगडून त्या मुलीच्या समोर ठेवायची आणि निघून जायची. माप गार झाल्यावर घ्यायचं असतं हे मग तिला कायमचं कळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातून उठले आणि चहासुद्धा न घेता खिडकीपाशी जमिनीवर बसले. पाय पसरला, हळूहळू पुढे वाकले. मांडीच्या मागे पहिली ओढ जाणवली तिथे थांबले. माझी बोटं नडगीच्या मध्यापर्यंत पोचली होती. तिथे मी पायाला एक सुती नाडी बांधली. असं आठवडाभर केलं, नाडी तिथेच. ही माझी गार पायाची हद्द. गरम खोलीत बोटं नाडीपर्यंत जातील, खाली जाणार नाहीत. पायाला काहीही वाटो, मला वाटो, वन्संना वाटो.

मी परत गेले तेव्हा घड्याळबाईला आनंद झाला, पण तिने पुढची जागा दाखवली नाही. "आजी, थोडे दिवस मागे, दारापाशी."

"मला पुढेच बरं पडतं."

"पुढे तुम्ही अर्ध्यात थांबणार. मागच्या सगळ्या तुमचं बघून अर्ध्यात थांबतील. नवीन आलेल्यांना तेच बरोबर वाटेल."

यात तिचं चुकत नव्हतं. मी मागे गेले. वन्संनी पुढून वळून माझ्या पायाकडे बघितलं. "वहिनी, हे काय? पाय कुठे पार्सल पाठवायचाय का?"

"तुमच्याच घरी पाठवते. भाडं तुम्ही भरा."

"बोलायचं नाही," घड्याळबाई म्हणाली आणि कडी लावली.

मागच्या रांगेत मी कधी उभी राहिलेच नव्हते, त्यामुळे तिथे काय होतं याची मला कल्पना नव्हती. पुढे आरशात मी मलाच बघायची. मागे सगळ्यांच्या पाठी आणि पाय डोळ्यांसमोर. आणि डोळे जिथे जातात तिथे अंग जातंच. घड्याळबाई बोलते आहे, समोर दहाबारा बायका एका लयीत वाकताहेत आणि मी त्यांच्याबरोबर वाहत चालले आहे. उभ्यानेच पुढे वाकायचं एक आसन आलं. माझी बोटं नाडीला लागली, आणि नाडी ओलांडून गेली. मुद्दाम नाही. समोरच्या बाईचे हात जमिनीला लागले म्हणून माझे निघाले. मांडीत बारीकशी चमक उठली. मी तिथल्या तिथे मॅटवर आडवी झाले आणि उरलेला क्लास छताकडे बघत काढला. घामाबरोबर डोळ्यांतूनही थोडं पाणी आलं, पण त्या खोलीत कोणाचं काय वाहतंय ते कोण बघतो.

रात्रभर पाय चाचपत होते. नशीब, चमक सकाळपर्यंत विरली.

"आता पुरे," हे म्हणाले. "दोनदा सिग्नल लाल झालाय."

"सिग्नल नाही, समोरची गाडी नडतेय," मी म्हटलं. "मला समोर कोणी नकोच."

"मग काय रस्ता बंद करायला सांगणार आहेस?"

मला काय करायचं ते सुचलं होतं.

पुढच्या वेळी मी लवकर गेले. मागच्या रांगेतच मॅट टाकली, पण उलटी. माझी पाठ आरशाकडे, तोंड कोऱ्या भिंतीकडे, नाक भिंतीपासून हातभर. क्रम मला पाठ होताच, आवाज ऐकू येत होता. बायका आत यायला लागल्या तशी खसखस पिकली.

घड्याळबाई माझ्याजवळ आली. "आजी, भिंतीत काय आहे?"

"काही नाही. म्हणूनच."

"पण मला तुमचा चेहरा दिसला पाहिजे. कोणाला चक्कर आली तर?"

"लाँड्रीत पंचवीस वर्षांत मला आली नाही. आणि आली तर धप्प असा आवाज येईल, तो ऐका."

तिने घड्याळाकडे बघितलं. वेळ झाली होती, म्हणून मी वाचले. कडी लागली.

पहिला अर्धा भाग फार छान गेला. भिंत पांढरी, तिच्यावर रंगाचा एक ओघळ सुकलेला. मी त्या ओघळाकडे बघत श्वास घेतला, त्याच्याकडे बघत वाकले, नाडीपर्यंत गेले, परत आले. घाम सुटला. खांदे सैल झाले. बोटं माझी झाली. कितीतरी दिवसांनी मी माझ्या अंगात राहायला आले होते.

पण एक गोष्ट मी विसरले होते. त्या क्लासमध्ये अर्ध्या वेळानंतर सगळ्यांना वळवतात. तोवर आरशावर वाफ धरलेली असते, त्यात काही दिसत नाही. मग थोडा वेळ आडवं पडायचं आणि उठताना तोंड कोऱ्या भिंतीकडे करून बसायचं, उरलेली आसनं तशी करायची. पुढच्या रांगेत असताना वळलं की मी सगळ्यांच्या मागे जायची, त्यामुळे मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

"आता सगळ्यांनी वळा," घड्याळबाई म्हणाली. "आजी सोडून."

सगळ्या हसल्या. मॅटवर अंगं सरकल्याचे आवाज झाले. मग शांतता पसरली आणि माझ्या मानेला कळलं की सबंध खोली माझ्या मागे येऊन बसली आहे. आता मी मागची नव्हते. पुढची मीच होते, आणि माझ्या पुढे फक्त भिंत.

आणि आसन आलं तेच. पाय पसरा. पुढे वाका. कपाळ गुडघ्याला.

मी वाकले. बोटं नाडीला टेकली आणि मी थांबले. एरवी या आसनात मागून कण्हण्याचे, मॅट ओढल्याचे, कोणी पुटपुटल्याचे आवाज येतात. आज काहीच आलं नाही. सगळ्या माझ्याइतक्याच वाकून थांबल्या होत्या. वन्संनी मला नंतर सांगितलं, की त्यांनाही वाटलं आज आसन बदललंय.

"काय झालं सगळ्यांना?" घड्याळबाईचा आवाज लांबून आला. "अजून खाली. कपाळ गुडघ्याला."

कोणी हललं नाही. मग मला तिचे अनवाणी पाय माझ्या मॅटच्या कडेला दिसले. ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, तुम्ही गेलात की सगळ्या जातील. तुमचं अंग आज मस्त मोकळं आहे, मला दिसतंय. एकदाच जा."

ती लबाडी करत नव्हती. अंग खरंच मोकळं होतं. नाडीखाली माझी नडगी होती, घोटा होता, अंगठा होता, आणि ते सगळं हाताशी होतं. मी श्वास सोडला असता तरी गेले असते. कपाळ टेकलं असतं. आणि ते वन्संना मागून दिसलं असतं. मोह काय असतो ते मला या वयात नव्याने कळलं. मांडी मऊ होती, गप्प होती, एक अक्षर बोलत नव्हती. तिच्या त्या गप्प बसण्याचीच मला भीती वाटली.

"जाईन," मी म्हटलं. "आत्ता जाईन. पण मग उद्यापासून येणार नाही. मला यायचंय."

घड्याळबाईला राग आला की काय ते मला कळेना, मला तिचे गुडघेच दिसत होते. मग ती उठली आणि मोठ्याने म्हणाली, "ज्यांना जमतं त्यांनी आपापलं जा. आजींकडे बघू नका."

"मग कोणाकडे बघायचं?" खोलीच्या पार मागून वन्संचा आवाज आला. "पुढे त्याच आहेत."

"बोलायचं नाही," घड्याळबाई म्हणाली, पण तिचा आवाज शेवटी थोडा हलला.

मागे हळूहळू कण्हण्याचे आवाज सुरू झाले. कोणी गेलं, कोणी थांबलं. मी माझ्या नाडीवर बोटं ठेवून ओघळाकडे बघत राहिले. ते आसन दोनदा करतात. दुसऱ्या वेळी अंग पहिल्यापेक्षाही सैल होतं आणि थांबणं पहिल्यापेक्षा कठीण. पोटऱ्या थरथरल्या, दातावर दात ठेवले. वाकायला जेवढा जोर लागतो त्याच्या दुप्पट मला न वाकायला लागला. मी थांबले.

घरी जाताना वन्संनी माझी पिशवी घेतली. औषधाच्या दुकानापाशी आम्ही दोघीही नकळत हळू झालो. पाय माझ्या खालीच होता. "माझं कपाळ टेकलं हं," वन्सं म्हणाल्या.

"दिसलं नाही मला."

"तेच तर. दिसलं नाही तर टेकवून फायदा काय झाला?" असं त्या म्हणाल्या. माझ्या फाटकापर्यंत आल्या आणि पिशवी माझ्या खांद्यावर अडकवून गेल्या.

पण खरी परीक्षा क्लासमध्ये नसते हे मला माहीत होतं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी असते, अंग थंडावल्यावर. मला पहाटेच जाग आली. हे शेजारी घोरत होते. मी पांघरुणात पडून राहिले आणि हलायचा धीर होईना. जोवर हलत नाही तोवर पाय बरा आहे, असं काहीतरी खुळ्यासारखं मनात होतं. खिडकीवर उजेड आला. मग मी स्वतःलाच म्हटलं, पंचवीस वर्षं पहाटे उठून वाफेत उभी राहिलीस आणि आता एक पाय अंथरुणाबाहेर काढायला घाबरतेस.

आधी टाच सरकवली. मग गुडघा दुमडला. पाय खाली सोडला. फरशी गार होती. उभी राहिले, सगळा भार मुद्दाम डाव्या पायावर टाकला आणि मांडीकडून काही निरोप येतो का म्हणून थांबले.

हे जागे झाले होते. "काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे दुखत नाहीये."

"मग चहा टाक."

"तुम्ही टाका," मी म्हटलं. "मला क्लासचा टॉवेल धुवायचाय. उद्या परत लागेल."